चिनीखाना : शब्द आणि सजावट

जुनी चिनी मातीची भांडी वापरातून काढून भिंतीवर अथवा कोनाड्यांत शोभेसाठी मांडण्याची हौस युरोपीय दिवाणखान्यांतून पौर्वात्य देशांत आली, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. कालक्रम पाहिला असता तो टिकत नाही. युरोपातील राजघराणी चिनी ताटल्यांनी आपली दालने मढवू लागली, त्याच्या बऱ्याच आधीपासून फारसी भाषेत अशा दालनाला स्वतंत्र नाव होते. ते नाव म्हणजे ‘चिनीखाना’. ज्या वस्तूला स्वतंत्र नाव मिळते, तिचा परिपाठ समाजात स्थिरावलेला असतो, एवढे अनुमान करण्यास हरकत नसावी.

शब्दाची फोड सोपी आहे. जामदारखाना, फरासखाना, मुदपाकखाना या शब्दांमुळे त्यातील उत्तरपद मराठी वाचकाच्या पूर्ण परिचयाचे आहे. घोटाळा होतो तो पूर्वपदात. ‘चिनी’ हे मूळचे विशेषण. त्याचा अर्थ ‘चीन देशाचे’. फारसीत त्याचे नाम झाले आणि ते तेथून आलेल्या पांढऱ्या, नादमधुर, अर्धपारदर्शक भांड्यांना लागले. इंग्रजीतील ‘चायना’ हा भांड्यांचा वाचकही या फारसी वळणानेच तयार झाला, असे कोशकार मानतात. (हिंदीत तोच शब्द साखरेवर जाऊन बसला. मराठीने साखरेला साखरच म्हटले आणि ‘चिनी’ला ‘माती’ जोडून संदिग्धता टाळली.)

बाबराने आपल्या आत्मवृत्तात समरकंद येथील एका चिनीखान्याचे वर्णन केले आहे. तो तैमूरचा नातू उलुघ बेग याने बागेत बांधविला होता. तेथे भांडी नव्हती. भिंतींचा खालचा भाग चीनमधून मुद्दाम माणूस पाठवून आणविलेल्या फरशांनी मढविला होता, आणि नाव पडले ते त्यावरून. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ आरंभापासूनच शेजारी नांदत होते : चिनी भांड्यांचे दालन आणि चिनी फरशांचे दालन.

पहिल्या अर्थाचे सर्वांत संपन्न उदाहरण इराणमधील अर्दबील येथे आढळते. सफवी घराण्याचा मूळपुरुष शेख सफी याच्या दर्ग्याला शाह अब्बासने इ. स. १६११ मध्ये १,१६२ चिनी भांडी वक्फ म्हणून अर्पण केली. ती ठेवण्यासाठी दर्ग्यातील एका घुमटाकार दालनाचा कायापालट करण्यात आला. त्याच्या भिंतींत वरपर्यंत सुरई, वाडगा, कुपी अशा भांड्यांच्याच आकाराचे कोनाडे कोरण्यात आले. इस्फहानच्या आली कापू या राजवाड्यातील संगीतदालनातही असेच कोरीव कोनाडे आहेत. तेथे भांडे नसले तरी भांड्याची रेषा भिंतीत राहते. सजावटीच्या दृष्टीने ही कल्पना विलक्षण म्हटली पाहिजे, कारण रिकामी जागाच तेथे अलंकाराचे काम करते.

अर्दबीलच्या संग्रहाचे महत्त्व मात्र केवळ शोभेपुरते नाही. अब्बासने आपल्या अर्पणाचा लेख एका लहान चौकटीत भांड्यांवर कोरविला. कठीण झिलईवर असे कोरणे हा जोखमीचा उद्योग होता, आणि आजच्या संग्राहकाला तर तो विद्रूपीकरण वाटेल. परंतु त्या चौकटीमुळे एक गोष्ट निश्चित झाली : जिच्यावर ती आहे, ती वस्तू १६११ नंतरची असू शकत नाही. चिनी मृत्तिकाकलेच्या अभ्यासकाला असा आधार क्वचितच लाभतो. कारण बादशाही कारकिर्दीच्या ज्या मुद्रा भांड्यांच्या तळावर असतात, त्या पुढील काळातील कुंभारांनी आदरापोटी वा लाभापोटी सर्रास पुनः उमटविलेल्या आहेत. जॉन अलेक्झांडर पोप यांनी १९५६ मध्ये या संग्रहाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचे बळ या कालमर्यादेत आहे. संग्रहाचा मोठा भाग १९३५ मध्ये तेहरानला हलविण्यात आला.

मुघल दरबारालाही या भांड्यांचे वेड होतेच. विल्यम हॉकिन्स या इंग्रजाने जहांगीरच्या दरबारातील एक हकीकत नोंदविली आहे. बादशहाची आवडती चिनी थाळी फुटल्याबद्दल जबाबदार अधिकाऱ्याला बेदम मारण्यात आले आणि पुढे तशीच दुसरी थाळी शोधण्यासाठी पाठविण्यात आले. परंतु स्थापत्याच्या दृष्टीने मुघलांनी केलेला बदल अधिक लक्षणीय आहे. येथे ‘चिनीखाना’ म्हणजे दालन न राहता लहान लहान कोनाड्यांची ओळ असा अर्थ झाला. बागांतील कृत्रिम धबधब्यांमागे अशा ओळी असत. त्यांत दिवसा फुलांची पात्रे आणि रात्री दिवे ठेवीत. आग्र्याच्या इतिमाद-उद्-दौलाच्या कबरीत (१६२२–२८) तर कोनाड्याची खोलीही उरली नाही. सपाट भिंतीवर सुरया, पेले आणि पुष्पपात्रे दगडाच्या जडावाने व रंगाने दाखविली आहेत. वस्तू जाऊन तिचे चित्र राहिले, आणि नाव तेच चालू राहिले. अर्थांतराचे इतके दृश्य उदाहरण विद्यार्थ्यांना दुसरीकडे सहसा मिळणार नाही.

राजस्थानात याहून निराळा मार्ग पत्करलेला दिसतो. डुंगरपूरच्या जुना महालात प्रत्यक्ष चिनी मातीच्या बशा भिंतींतच बसविल्या आहेत, तर उदयपूरच्या राजवाड्यातील चिनी चित्रशाळेत डच फरशांचाही उपयोग केला आहे. ‘चिनी’ या नावाखाली हॉलंडही खपून गेला! कोनाड्यात ठेवणे आणि भिंतीत बसविणे या दोहोंत सजावटीपलीकडचा भेद आहे. कोनाड्यातील भांडे काढता येते, उलटून पाहता येते, प्रसंगी वापरताही येते. भिंतीत बसविलेली बशी चोरापासून आणि व्यापाऱ्यापासून सुरक्षित राहते खरी, पण तिचा तळ कायमचा झाकला जातो, आणि कारकिर्दीची मुद्रा व खालच्या कड्याची घडण हे पुरावे नेमके तळाशी असतात. आज जी मंडळी जुन्या ताटल्या भिंतीवर लावतात, त्यांनी हा भेद ध्यानी घेणे इष्ट होय. काठाला चिमटणारी स्प्रिंगची तार कालांतराने काठाचे टवके उडविते, आणि पाठीमागे लावलेला चिकटपट्टा अथवा लुकण तर भिंतीतील चुन्याइतकेच पुराव्याला मारक ठरते. अर्दबीलची पद्धत, म्हणजे वस्तूला बंधन न घालता तिच्यासाठी जागा कोरणे, हीच अधिक विवेकाची.

युरोपची कथा बहुश्रुत असल्याने येथे थोडक्यात पुरे. लिस्बनच्या सांतुश प्रासादातील एका दालनाच्या छतावर अडीचशेहून अधिक चिनी ताटल्या जडविल्या आहेत. इंग्लंडमध्ये कपाटांच्या माथ्यांवर चिनी भांडी रचण्याची चाल दुसऱ्या मेरी राणीने आणली, अशी तक्रार डॅनियल डीफोने केली होती. दोन्ही उदाहरणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापुढची आहेत.

भारतात ‘चिनी’ शब्द पुढे चीनपासून पुरता सुटला. आग्र्याच्या ‘चिनी का रौझा’वरील झिलईच्या फरशा चीनमधून आलेल्या नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महालालाही ते नाव त्याच्या रंगीत फरशांमुळे मिळाले. १६८७ मध्ये गोवळकोंडे पडल्यावर अबुल हसन तानाशाहला औरंगजेबाने तेथे कैदेत ठेवले होते. त्या फरशांचे आता थोडे तुकडे उरले आहेत.

सामान्य मराठी घराशी या परंपरेचा धागा जुळतो तो मात्र महालांतून नव्हे, बरणीतून. ‘बरणी’ हा शब्द झिलईदार मातीच्या पात्राचा वाचक असलेल्या अरबी ‘बरनिय्या’ या शब्दाशी निकटचा दिसतो. हिंदीत त्याच पात्राला ‘मर्तबान’ म्हणतात, आणि ते नाव ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचे आहे. तेथून मोठाली झिलईची भांडी देशोदेशी जात. शहरांतील सदनिकांत आज जुन्या लोणच्याच्या बरण्या बैठकीच्या खोलीत शोभेसाठी मांडलेल्या दिसतात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याला पूर्वेकडील एका राजकन्येने मर्तबाने भेट दिली होती. त्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे मीठ घालून भरलेले होते.