मुंबई–नागपूर : 685 किलोमीटर, 97 मिनिटं

मुंबई आणि नागपूरच्या विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. जेट विमान वर स्थिरावलं की ताशी 830च्या आसपास उडतं. भागाकार केला तर पन्नास मिनिटंही लागू नयेत. वेळापत्रक मात्र दीड तास सांगतं. मधली चाळीस मिनिटं जातात कुठे, हे पाहायला मी डिसेंबरातल्या एका सकाळी वही घेऊन खिडकीशी बसलो.

6:40ला विमान मागे ढकललं गेलं. विमान कंपन्यांचा वेळ इथून, चाकं हलली की सुरू होतो आणि पलीकडे ब्रेक लागेपर्यंत चालतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून सहसा एका वेळी एकच वापरता येते. पुढे सहा विमानांची रांग होती. चाकं जमिनीवरून सुटली 7:02ला.

आणि सुटली ती पश्चिमेकडे! धावपट्टीचा क्रमांक 27, म्हणजे 270 अंश. समोरून वारा घेऊन उडायचं असतं आणि इथला वारा बहुतेक वेळा समुद्रावरचा. जुहूचा किनारा खाली सरकला तशा शेजारच्या आजी दचकल्या. "हे त समुद्राकडे चाललं ना बापा!" मी म्हटलं, "आता वळेल, आजी." पाण्यावर मोठं वळण घेऊन विमान सह्याद्रीकडे निघालं. त्या वळणाचे किलोमीटर 685मध्ये धरलेले नसतात.

नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेघ जवळजवळ छत्रपती संभाजीनगरवरून जाते. उजवीकडे नाथसागर जलाशय चकाकत होता. चढण नुकतीच संपली होती. मूर्तिजापूरच्या आसपास उतरण सुरू झाली, कारण तेहतीस हजार फुटांवरून बेतानं खाली यायला शंभर नॉटिकल मैल, म्हणजे 185 किलोमीटर लागतात. पूर्ण वेगाचा सपाट प्रवास फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर चाकं टेकली 8:11ला. हवेत 69 मिनिटं. त्याच आठवड्यात परतताना 78 लागली. मुंबईजवळ थोडं ताटकळलो हे खरं, पण हिवाळ्यात त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना पाठीशी असतो, येताना छातीवर. पावसाळ्यात तो फिरतो. भारतावरच्या या पूर्वेकडून येणाऱ्या झोतवाऱ्याचं वर्णन हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1958 साली केलं. ते वाचल्यावर माझ्या वहीतल्या जुलैच्या नोंदी मी पुन्हा काढल्या: जाताना दर वेळी चार-पाच मिनिटं जास्त!

8:17ला ब्रेक लागले. आजींनी मुलाला फोन लावला, "पोचली रे." त्यांची यवतमाळची एसटी अजून तीन तासांची होती.