नर कोकरें, खच्चीकरण आणि नरसंप्रेरकाचा ग्राहक

कळपांत जन्मलेल्या नर कोकरांपैकीं कोणतीं पैदाशीस ठेवावीं, कोणतीं विकावीं व कोणतीं खच्ची करावीं, हा प्रश्न प्रत्येक मेंढपाळास दरवर्षीं सोडवावा लागतो. खच्ची केल्यानें जनावर शांत होतें व अंगानें चरबट होतें, एवढें सर्वांस ठाऊक आहे. परंतु असें कां होतें, आणि त्याचा जनावराच्या वाढीवर व आयुष्यावर काय परिणाम होतो, याचा उलगडा अलीकडच्या संशोधनानें बराच झाला आहे. त्याच्या मुळाशीं असलेल्या एका जनुकाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, म्हणून हा लेख लिहीत आहों.

हुकूम व त्याचा अंमल :— नराच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नांवाचें संप्रेरक तयार होऊन तें रक्तावाटे सर्व शरीरांत फिरतें. पण नुसतें फिरल्यानें कांहीं घडत नाहीं. तालुक्याच्या कचेरींतून हुकूम सुटला, तरी गांवांत तो वाचून अंमलांत आणणारा कोणी नसेल तर तो कागदावरच राहतो. पेशींत हें अंमलाचें काम एक प्रथिन करितें. त्यास नरसंप्रेरकाचा ग्राहक म्हणतात, आणि तें प्रथिन कसें घडवावें हें ज्या जनुकांत लिहिलेलें असतें तें ग्राहक-जनुक होय. संप्रेरक ग्राहकास चिकटलें, कीं ती जोडी पेशीच्या केंद्रांत शिरते, तेथील डीएनएच्या ठराविक जागांवर बसते, आणि इतर कित्येक जनुकांचें काम चालू किंवा बंद करिते. ग्राहक बिघडलेला असल्यास काय होतें, तें 1970 सालीं मेरी लायन व त्यांच्या सहकारी यांनीं उंदरांत दाखविलें. त्या उंदरांतील नरांस वृषण होते. तरीहि तीं जनावरें बाहेरून मादीसारखीं दिसत.

आईकडून येणारा वारसा :— मेंढ्यांत गुणसूत्रांच्या 27 जोड्या असतात. त्यांपैकीं एक जोडी लिंग ठरविणारी. मादींत दोन एक्स, व नरांत एक एक्स आणि एक वाय. ग्राहक-जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि नर कोकरास एक्स केवळ आईकडूनच मिळतें. म्हणजे वृषण घडविण्याची सूचना वायबरोबर बापाकडून येते, परंतु त्या वृषणांचा हुकूम अंमलांत आणणारा ग्राहक आईकडून येतो. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या गॅरोल मेंढ्यांकडून दख्खनी मेंढ्यांत आणलेलें जुळ्या कोकरांचें जनुक सहाव्या गुणसूत्रावर असल्यामुळें तें मेंढ्याकडूनहि मिळतें व मेंढीकडूनहि मिळतें. ग्राहक-जनुकाची गोष्ट तशी नाहीं; तें मेंढा आपल्या मुलींस देतो, मुलांस देऊं शकत नाहीं.

गर्भांतील काम :— मेंढीचा गाभणकाळ सुमारें 147 दिवसांचा असतो. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत गाभण मेंढ्यांस 30 व्या दिवसापासून 90 व्या दिवसापर्यंत टेस्टोस्टेरॉन टोंचून प्रयोग करण्यांत आले. जन्मलेल्या माद्यांचीं बाह्य जननेंद्रियें नरासारखीं झालीं, त्यांचें जन्मवजन कमी भरलें, आणि पुढें त्यांचें माजाचें चक्रहि बिघडलें. ग्राहक मादीच्या शरीरांतहि असतो, हें यावरून स्पष्ट होतें. वयांत आल्यावर जें हितकारक तेंच गर्भांत अकालीं पोंचल्यास घातक ठरतें.

शिंगें, मान व चपळाई :— इंग्लंडांतील हर्डविक जातींत नरांस शिंगें असतात. नर कोकरूं खच्ची केलें असतां शिंगांची वाढ थांबते, हें मार्शल यांनीं 1912 सालीं प्रसिद्ध केलें. मेंढ्यांत शिंगांचें मुख्य जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यास वाढीचा इशारा मात्र संप्रेरकाकडून येतो. नराची जाड मान, वेगानें होणारी वाढ, कमी चरबीचें मांस व वीर्याची उत्पत्ति, या सर्वांत हाच ग्राहक काम करितो. म्हणून अंडील कोकरूं खच्ची केलेल्या कोकराहून लवकर वाढतें.

आयुष्याचा हिशेब :— या चपळाईची किंमत आयुष्यानें द्यावी लागते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हिर्टा बेटावर रानटी झालेल्या सोए मेंढ्या आहेत. तेथें 1978 च्या सुमारास कांहीं नर कोकरें खच्ची करून कळपांत सोडण्यांत आलीं. तीं अंडील नरांहून पुष्कळ अधिक जगलीं. कारण फळण्याच्या हंगामांत अंडील मेंढे चरणें सोडून झुंजतात आणि खंगलेल्या शरीरानें हिवाळा काढूं शकत नाहींत.

परंतु केवळ झुंजींनींच आयुष्य घटतें असें नव्हे. डीएनएवर मिथिल नांवाच्या रासायनिक खुणा असतात, व वयाबरोबर त्यांत ठराविक फरक पडत जातो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठांतील संशोधकांनीं मेरिनो मेंढ्यांच्या अशा खुणा तपासून 2021 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. खच्ची नरांचें शरीर त्यांच्या खऱ्या वयाहून तरुण आढळलें, आणि वय वाढेल तसा हा फरकहि वाढत गेला. एमकेएलएन1 या जनुकांतील एका जागीं अंडील नरांत वयाबरोबर खुणा पुसत जातात. माद्यांत व खच्ची नरांत त्या टिकून राहतात. आणि हीच जागा नरसंप्रेरकाच्या ग्राहकानें बसण्याची आहे.

व्यवहारांत काय करावें :— यावरून आम्ही पुढील गोष्टी सुचवितों. जें कोकरूं थोड्या महिन्यांत मांसासाठीं विकावयाचें, तें अंडीलच ठेवावें. खच्ची केल्यास वाढींत तोटा येतो. मात्र तें वयांत येण्यापूर्वीं माद्यांपासून वेगळें करावें, नाहीं तर भाऊ-बहिणींची पैदास होऊन कळप खालावतो. जें जनावर लोंकरीसाठीं अनेक वर्षें पाळावयाचें, तें लहानपणींच पशुवैद्याच्या हातून खच्ची करून घ्यावें. खच्चीकरणाचा आयुष्याचा लाभ त्यासच मिळतो. गाभण मेंढीस पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून कोणतेंहि संप्रेरक-औषध देऊं नये. आणि पैदाशीचा मेंढा निवडतांना त्याची आई व मामे यांचीहि नोंद पाहावी. ग्राहक-जनुक एकटेंच मेंढ्याची पारख करण्यास पुरेसें नाहीं; वृषणांची वाढ, पाय, तोंड व वजन हीं पाहिलींच पाहिजेत. परंतु बापाचा देखणा बांधा पाहून मेंढा विकत घेण्याची जी रीत सर्वत्र आहे, तींत आईच्या घराण्याची चौकशी करण्याची भर पडावी, एवढी आमची मेंढपाळ बंधूंस विनंति आहे.