लंडनचं वार्तापत्र : बंद घराची राखण

हॅरो, लंडन

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. डिसेंबरात तर चारच्या आतच सूर्य मावळतो. पाच वाजता रस्त्याने चाललं, की कोणतं घर बंद आहे हे अंधाऱ्या खिडक्यांवरून कोणालाही कळतं. चोरालाही कळतं. नेमक्या याच दिवसांत आपली माणसं दिवाळीला, लग्नकार्याला घर बंद करून भारतात निघतात.

आशियाई घरात सोनं सापडणार, हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे. पोलिसांकडून मिळवलेल्या आकड्यांच्या आधारे बीबीसीने २०१९मध्ये बातमी दिली होती : २०१३पासून अशा सोन्याच्या सुमारे २८ हजार चोऱ्या, किंमत सुमारे १४ कोटी पौंड. त्यात मोठ्या बँकांनी नवे लॉकर देणं जवळजवळ थांबवलंय, त्यामुळे आजीच्या पाटल्या कपाटातच राहतात.

आपल्याकडे चौक गावात घरफोडी झाली की बातमीत ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द हमखास येतात. कुलूप भारी असतं, पण कोयंड्याचे स्क्रू पहारीने उपटले जातात. इथे तीच गत दाराच्या कुलपातल्या सिलिंडरची. तो दाराबाहेर जरा जरी पुढे आला असेल, तरी पकडीत धरून काही सेकंदांत मोडतात. म्हणून आता खाच असलेला सिलिंडर मिळतो : जोर लावला की पुढचा तुकडा तुटून पडतो, मागचं कुलूप तसंच राहतं. इंग्लंडात २०१५पासून नव्या घरांच्या दारा-खिडक्यांना चोरीविरोधी नियमच लागू आहेत. गावाला जाताना लोक दिव्याला टायमर लावतात आणि टपाल पोस्टातच थांबवून ठेवायला सांगतात, त्याचे पैसेही मोजतात.

पण माझा सर्वांत जास्त विश्वास समोरच्या आजींवर. आम्ही नसलो की कचरागाडी गेल्यावर त्या आमचा डबा आत ओढून ठेवतात, कारण फुटपाथवर दिवसभर उभा असलेला डबा म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच. त्यांचा मुलगा आला की गाडी आमच्या दारात लावतो. शेजाऱ्यांच्या या पहाऱ्याची रीतसर संघटना, ‘नेबरहुड वॉच’, १९८२ साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावात सुरू झाली. इंग्रज शेजाऱ्याकडे बघत नाही, हा आपला समज मला इथे राहून सोडावा लागला.

नुसत्या यंत्राचं काय होतं, ते लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेतल्या चोरीने दाखवलं. २०१५च्या ईस्टरच्या सुट्टीत चोरांनी तिजोरीघराची अर्धा मीटर जाडीची काँक्रीटची भिंत पोखरली. गजर वाजला होता. सुरक्षारक्षक आला, बाहेरून पाहून गेला, पोलीस फिरकलेच नाहीत.

हे आठवतं ते आपल्याकडच्या बंगल्यांमुळे. चौकपासून कर्जतपर्यंत मुंबईकरांची फार्महाऊसं शनिवार-रविवारी उघडतात, एरवी बंद. उंच कुंपण, वर तारा, कोपऱ्यात कॅमेरा. पावसात वीज गेली आणि इन्व्हर्टर उतरला, की कॅमेरा आंधळा. मग उरतात ती जवळच्या वाडीतली माणसं. त्यांचा नंबर मालकाकडे नसतो आणि मालकाचा त्यांच्याकडे नसतो. पोलीस पाटलांना कोणी कळवलेलं नसतं. रात्री आवारात बॅटरी हलताना दिसली, तर तो मालक की चोर, हे वाडीतल्या माणसाने ओळखायचं तरी कसं, आणि कळवायचं तरी कोणाला?