भाद्रपदाच्या आधी

भाद्रपद लागला की कुत्री माजावर येतात, हे खेड्यात कुणाला शिकवावे लागत नाही. मादी साधारण 63 दिवस गाभण राहते. त्यामुळे दिवाळीच्या पुढेमागे आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत आणि मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत ढाब्यांच्या मागे, पेंढ्याच्या आडोशाला, शाळेच्या ओट्याशी पिले दिसू लागतात. त्यांतली बहुतेक मरतात. कोलकात्याच्या ‘आयसर’मधल्या संशोधकांनी 364 पिलांवर नजर ठेवली, तेव्हा सात महिन्यांपर्यंत जेमतेम 19 टक्के टिकली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी 63 टक्क्यांमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. हायवेवरून एखादे जखमी पिलू उचलून दवाखान्यात नेणाऱ्याची कळकळ खरी असते. पण पुढच्या भाद्रपदात त्याच ढाब्यामागे तीच मादी पुन्हा विणार असेल, तर त्या कळकळीला अंत नाही. म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांत भटक्या कुत्र्यांचा बचाव आणि त्यांच्या संख्येचे नियंत्रण ही एकाच कामाची दोन नावे मानायला हवीत. त्या कामाचे एकक गाव नसून तालुका असावे, आणि वेळ पावसाच्या आधीची असावी.

नसबंदीचे हे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. कुत्रे जाळीने किंवा हाताने पकडायचे, कुठून पकडले याची नोंद करायची, उपाशी ठेवून भूल द्यायची. नराचे वृषण काढणे तुलनेने सोपे. मादीचे पोट उघडून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढावे लागतात, आणि टाका सैल राहिला तर आत रक्तस्राव होऊन ती मरू शकते. भूल असतानाच कानाला खाच पाडतात, म्हणजे हे कुत्रे पुन्हा पकडायला नको हे लांबूनच कळते. रेबीजची लस टोचतात, जखम भरेपर्यंत पिंजऱ्यात ठेवतात आणि जिथून आणले तिथेच सोडतात. काढलेले अवयव मोजून ठेवण्याची पद्धत आहे, कारण शस्त्रक्रिया कागदावरच करण्याचा मोह या क्षेत्राला नवा नाही. 2001 मध्ये केंद्र सरकारने प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम केले. 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, आणि काम करणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते.

‘मारून टाका, प्रश्न मिटेल’ हा उपाय मुंबईने पुरेसा वापरून पाहिला. 1832 मध्ये कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. तरीही पुढे महापालिका 1994 पर्यंत कुत्री मारतच राहिली. कुत्री संपली नाहीत. खायला आहे तोवर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी येतात, आणि उरलेल्यांची पिले जास्त जगतात. याउलट जयपूरमध्ये 1994 पासून ठरावीक भागात सलग काम झाले. आठेक वर्षांत तिथल्या सुमारे 65 टक्के माद्यांची शस्त्रक्रिया आणि लसीकरण झाले, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी उतरली आणि त्या भागात माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. यश आले ते ‘ठरावीक भाग’ आणि ‘सलग’ या दोन गोष्टींमुळे. तेवढ्याच शस्त्रक्रिया दहा तालुक्यांत विखरून केल्या असत्या, तर उरलेल्या माद्यांनी वर्षभरात सगळे भरून काढले असते.

इथेच ग्रामीण ठाण्याची अडचण सुरू होते. महापालिकेकडे निदान आरोग्य खाते आणि कुत्र्यांची गाडी असते. ग्रामपंचायतीकडे त्यांतले काहीच नसते, आणि कुत्र्याला हद्द कळत नाही. एका गावाने केलेले काम शेजारच्या पाड्यावरची कुत्री धुऊन काढतात. शिवाय खेड्यातली बरीचशी कुत्री धड भटकी नसतात आणि धड पाळलेलीही नसतात. रात्री एका घरच्या ओटीवर झोपतात, दिवसा गावभर फिरतात. नियमाप्रमाणे पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकाची. पण शिळ्या भाकरीवर घर राखणाऱ्या कुत्र्यासाठी कातकरी किंवा ठाकर कुटुंबाने शस्त्रक्रियेचा खर्च करावा ही अपेक्षा हास्यास्पद आहे. तेव्हा तालुक्याच्या पातळीवर फिरते पथक हवे, आणि त्याने मालकी न विचारता काम करावे.

वेळेचेही तसेच आहे. या पट्ट्यातला पाऊस जून ते सप्टेंबर असा कोसळतो की त्या दिवसांत कुत्री पकडणे आणि जखमा कोरड्या ठेवणे दोन्ही अवघड. थंडीत माद्या दूध पाजत असतात. त्यांना उचलले तर पिले उपाशी मरतील. उरतात फेब्रुवारी ते मे हे महिने. पण त्यांच्या शेवटी गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर घटसर्प आणि फऱ्याच्या लसीकरणात अडकलेला असतो. शेतकऱ्याचा बैल सोडून कुत्र्याकडे जा असे त्याला कुणी सांगू नये. या कामासाठी प्रशिक्षित शल्यचिकित्सक वेगळाच नेमायला हवा.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की नसबंदी केलेले कुत्रेही चावते. चावते. पण जयपूरच्याच नोंदींवरून अभ्यासकांनी दाखवले की चाव्यांचे प्रमाण विणीच्या हंगामानंतर चढते, आणि त्याचा संबंध त्यांनी पिलांना जपणाऱ्या मादीशी लावला. पिले नसतील तर ते कारणही नाही. रेबीजपुरते बोलायचे तर शस्त्रक्रियेची वाट पाहत बसणे चूकच. गोव्याने लसीकरणावर भर दिला. तिथे कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. दरवर्षी 70 टक्के कुत्र्यांना लस हे वेगळे, जास्त झटपट होणारे काम आहे, आणि पथकाने तेही करावे.

दुसरा आक्षेप बिबट्याचा. मुरबाडच्या डोंगराला पाठ लावून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मग कुत्री घटली तर बिबट्या शेळ्यांकडे वळणार नाही का? धोका नाकारता येत नाही. पण कुत्र्यांच्या आशेने बिबट्या वस्तीच्या दारापर्यंत येतो, हीसुद्धा याच आकड्याची दुसरी बाजू आहे. नसबंदीने संख्या एका रात्रीत कोसळत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. तानसा अभयारण्याच्या कडेच्या गावांत तेवढ्या अवधीत गोठे बंदिस्त करता येतील.

तिसरा प्रश्न न्यायालयाच्या आदेशांमुळे उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास मान्यता दिली. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांना मात्र वगळले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून कुत्री हलवून परत तिथे न सोडण्यास सांगितले. आश्रमशाळांचे विद्यार्थी आणि एसटी स्टँडवर रात्र काढणारे प्रवासी लक्षात घेता हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण हलवलेली कुत्री ठेवायची कुठे? निवाऱ्याला जागा, पाणी, रोजचे खाद्य आणि माणसे लागतात. तालुक्यातल्या सगळ्याच कुत्र्यांसाठी निवारा बांधण्याची भाषा करणाऱ्याने आधी एका वर्षाच्या खाद्याचा हिशेब मांडावा.

या प्रश्नात कुत्र्यांपेक्षा माणसांचा वाटा मोठा आहे, तो म्हणजे उकिरडा. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला आणि परिसरातल्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, तेव्हा या पट्ट्यात कुक्कुटपालन किती पसरले आहे ते बाहेरच्यांना कळले. मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानातले टाकाऊ मांस, ढाब्यांचे उष्टे यांवर कुत्र्यांचे कळप पोसले जातात. खड्डा खणून चुन्यासकट पुरण्याची सक्ती पोल्ट्रीवाल्यांवर झाली नाही, तर शस्त्रक्रियांचा निम्मा फायदा वाया जाईल. म्हणून पैसा थोडा असेल तर आधी सगळा मुरबाड-शहापूर पट्टा धरू नये. आसनगाव ते कसारा हा हायवेलगतचा भाग घ्यावा, जिथे उष्टे सर्वांत जास्त आणि कुत्रीही. तिथल्या माद्या मोजून त्यांतल्या 70 टक्क्यांचे काम जूनच्या पहिल्या सरीआधी उरकावे, आणि मगच मुरबाडच्या बाजूला गाडी न्यावी.