गोटुलाचे खांब आणि पाणवठ्याचा ओटा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव होय. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणारे आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार प्राप्त करणारे गाव म्हणून त्याची कीर्ती आहे. परंतु या वाटचालीच्या आरंभी एक घर उभे राहिले होते, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ते घर म्हणजे गोटुल. गावातील मुलामुलींनी सायंकाळी एकत्र यावे, नाचगाणी व रीतिभाती शिकाव्यात, अशी ही जागा. बाहेरच्यांच्या कुत्सित नजरेमुळे ती लोपली होती. इंचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या लढ्यानंतर, १९८० च्या दशकात, गावाने जंगलातील लाकूड आणून ती पुन्हा बांधली. वनखात्याने लाकूड बेकायदा ठरवून ती पाडली! तेव्हा आसपासची गावे एकत्र आली आणि एकाऐवजी अनेक ठिकाणी गोटुले उभी राहिली. ज्या गोष्टीची लाज बाळगावयास शिकविले गेले, तीच स्वहस्ते पुन्हा घडविणे, यालाच जखम भरणे म्हणावयाचे.

गोंड जीवनात कला निराळी काढून दाखविता येत नाही. हे ओळखूनच मुंबईच्या चित्रकर्त्री नवज्योत अल्ताफ यांनी १९९७ पासून शेजारच्या बस्तरमध्ये, कोंडागाव येथे, शांतीबाई व राजकुमार कोराम या स्थानिक शिल्पकारांसमवेत काम केले. त्यांनी हातपंपांभोवती घडविलेले ‘नलपार’ पाहावेत. भिंतींवर आदिवासी चिन्हे आहेत. पण खरे मर्म त्या कोनाड्यांत आहे, जेथे घागर टेकविली की ती डोक्यावर घेताना स्त्रीला कंबरेत वाकावे लागत नाही. सांडलेले पाणी शोषखड्ड्यात मुरते.

आपल्या धर्मग्रामांतील युवक सेवाशिबिरासाठी आदिवासी भागात जातात, तेव्हा शाळेच्या भिंती रंगविण्याचा मोह होतो. (गोंडांच्या गावात पालघरकडील वारली चित्रे कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.) दोन दिवसांत रंग वाळतो आणि पाहुणे परततात. नलपारांसाठी मात्र पाणी भरणाऱ्या स्त्रियांशी आणि पंचायतीशी आधी बोलणे झाले, आराखडा मागाहून आला. मेंढ्यातही निर्णय सर्वसंमतीने होतात. एकाचाही विरोध असेल, तर चर्चा पुढच्या बैठकीत चालू राहते.