कंपनी पाठवते एकाला, जातात दोघं

वाळूजच्या एमआयडीसीत कुणी ‘बाहेर गेलाय’ म्हटलं की पूर्वी पुणे नाहीतर चाकण समजायचं. आता विचारावं लागतं. बजाजचा इथला कारखाना १९८५ सालचा. त्याच्या आधाराने सुटे भाग करणारे कारखाने उभे राहिले आणि काहींचा पसारा पुढे थेट युरोपात गेला. वाळूजला मुख्यालय असलेल्या एन्ड्युरन्सचे कारखाने जर्मनीत मासेनबाखहाउझेनला आणि इटलीत तुरिनजवळ लोम्बार्दोरेला आहेत. बजाजने २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर राज्य सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मासेनबाखहाउझेन त्याच राज्यात येतं. वाहनांच्या धंद्यात नवी लाइन चालू करून द्यायला, डाय बसवायला, तिकडचं काम शिकायला माणूस लागतोच. चार-सहा महिने तिकडे, मग इकडे, पुन्हा तिकडे.

हे आता एकट्याने करायचं काम राहिलेलं नाही. जोडीदारही शिकलेला, कमावता असतो. कधी कंपनी बायकोला पाठवते आणि सोबत नवरा जातो. मराठवाड्याला जोडीने परमुलखात राबणं नवं नाही म्हणा. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला निघणारं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणूनच मांडलेलं असतं. उचल एक, हिशेब एक, आणि बाईच्या कष्टाचा पैसा बहुधा नवऱ्याच्या हातात. विमानाने जाणाऱ्या जोडप्याचं नेमकं उलटं. व्हिसा, आयकर, पीएफ, बँक, प्रत्येक टेबलावर दोघांचा हिशेब निराळा. कंपनीचा एचआर विभाग त्यातला एकाचाच मार्गी लावतो. दुसऱ्याने आपलं आपण बघायचं, आणि फसगत होते ती तिथेच.

पहिला खोडा व्हिसाचा. पाहुणा म्हणून गेलेल्याला शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया सगळे यात एकत्र धरले जातात. म्हणजे ‘जर्मनीचे नव्वद संपले, आता ऑस्ट्रियात राहू’ हे चालत नाही. १८० दिवसही जानेवारीपासून मोजायचे नसतात, आजच्या तारखेपासून मागे मोजायचे असतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे, तेव्हा पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहू नका.

नव्वद दिवसांच्या वर राहायचं तर राहण्याचा परवाना हवा. कंपनीच्याच तिकडच्या शाखेत बदलीवर जाणाऱ्याला आयसीटी कार्ड मिळतं, तिकडच्या नोकरीवर लागणाऱ्या पदवीधराला ब्लू कार्ड. या दोन्हींमध्ये जोडीदाराला सोबत राहता येतं, नोकरीही करता येते. म्हणून अर्ज सुरुवातीलाच जोडीने करावा. लग्नाच्या नोंदणीचा दाखला लागतो; पत्रिका आणि अल्बम कामाचे नाहीत. दाखल्यावर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आधी निस्तरा. अर्धं वर्ष वाळूजला काढणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर तिथला साधा परवाना रद्द होतो. ब्लू कार्डवाल्यांना बारा महिन्यांची सवलत आहे.

‘मी तिकडे बसून इथलंच काम करीन’ असं आयटीतला जोडीदार सहज म्हणतो. पण पाहुण्याचा व्हिसा नोकरीसाठी नसतो. परवाना असला तरी इथल्या कंपनीची लेखी संमती घ्यावी, कारण परदेशात बसून केलेल्या कामावर तिथला कर आणि विमा लागू होऊ शकतो. शिवाय घड्याळ. आपली साडेनवाची मीटिंग म्हणजे जर्मनीत हिवाळ्यातले पहाटेचे पाच. एका खोलीच्या घरात एक जण झोपलेला आणि दुसरा स्वयंपाकघरात कानाला हेडफोन लावून कुजबुजतोय, हे चार दिवस गमतीचं वाटतं.

सगळ्यात जास्त घोटाळा आयकरात. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो अनिवासी ठरतो. ही सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला आहे, त्याच्यासोबत जाणाऱ्याला नाही. समजा, दोघं जुलैअखेर निघाले. तो नोकरीवर, ती सोबत म्हणून. एप्रिल ते जुलै भरले १२२ दिवस. तो अनिवासी. तिला मात्र साधा नियम: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असेल तर निवासी. ती निवासीच ठरते. मग जानेवारीत तिला तिकडे नोकरी लागली, तर तो पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. दुहेरी कर टाळण्याचा भारत-जर्मनी करार आहे, पण त्याचा लाभ मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. त्यातून जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे दिवसांची वही दोनदा मांडायची.

गंमत म्हणजे जर्मन आयकर खातं लग्नाला किंमत देतं. दोघं तिथे राहत असतील तर उत्पन्न एकत्र करून, दोघांत निम्मंनिम्मं धरून कर काढता येतो; एकाची कमाई कमी असेल तर चांगला फायदा होतो. जोडीदार वाळूजलाच राहिला तर ही सवलत साधारणपणे मिळत नाही.

पीएफचं सोपं आहे. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. इथल्या कंपनीने पाठवलेल्याने ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घेतलं की ठरावीक मुदतीपर्यंत तिकडे पेन्शनची वर्गणी पुन्हा भरावी लागत नाही. नोकरीवर गेलेल्याने इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं, करून घ्यावं. संयुक्त खातं असेल तर दोघांनीही बँकेत जाऊन यावं.

सामानाबद्दलही थोडं. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईने कढवून दिलेलं साजूक तूप विमानतळावर काढून घेतात. पेढे आणि खवाही त्यातच. लोणी तिथे सुरेख मिळतं, तूप तिकडेच कढवा. बॅगेत काळा मसाला आणि ज्वारीचं पीठ भरा. भाकरीचा तवा नेणाऱ्यांनी घरात विजेची काचेची शेगडी आहे का ते आधी विचारून घ्यावं. बुडाला बाक असलेला लोखंडी तवा तिच्यावर नीट तापत नाही.

वाळूजच्या बजाजनगर किंवा सिडको महानगरातलं घर भाड्याने द्यायचं की कुलूप लावायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. आई-वडील इथे असतील तर दोघांनी एकाच वेळी जाऊ नये, आलटून-पालटून जावं, असं मला वाटतं. पण त्यालाही रजा आणि तिकिटांचा खर्च आहे.

जाण्याचं पत्र हातात पडलं की एचआरकडे एक प्रश्न लेखी विचारा: माझ्या जोडीदाराचा व्हिसा, कर आणि आरोग्य विमा कोण बघणार? ‘तुमचं तुम्ही’ असं उत्तर आलं तर तिकीट काढण्याआधी करसल्लागाराकडे जा, आणि दोघंही जा.