विश्लेषण : शाळेतल्या जंतनाशक गोळीने गावातले जंत संपतील का? गणित काय सांगते?

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे दिवस जवळ आले की देशभरातील शाळा आणि अंगणवाड्यांत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला दिली जाते. गोळी घेतलेल्या मुलाच्या पोटातले बरेचसे जंत मरतात. मात्र काही महिन्यांनी त्याच मुलाला पुन्हा जंत होतात आणि पुन्हा गोळी द्यावी लागते. हे चक्र कधी थांबेल का? थांबवायचे तर गोळी किती जणांना आणि वर्षातून किती वेळा द्यावी लागेल? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांइतकीच गणिताच्या अभ्यासकांनीही शोधली आहेत.

मोहीम नेमकी काय आहे?

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची सुरुवात फेब्रुवारी २०१५ मध्ये ११ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत झाली. पुढे ती देशभर नेण्यात आली. १ ते १९ वर्षे वयोगटासाठी ही मोहीम आहे. १ ते २ वर्षांच्या बालकांना अर्धी, तर त्यावरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी दिली जाते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांसाठी नंतर ‘मॉप-अप’ दिन असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे १५० कोटी लोकांना आहे. ज्या भागात २० टक्के किंवा अधिक लोकांना लागण आहे तिथे वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांवर असेल तिथे दोनदा गोळी द्यावी, अशी संघटनेची शिफारस आहे.

जंतांचे गणित इतर साथींपेक्षा वेगळे का?

विषाणू शरीरात शिरला की आतच वाढतो. जंतांचे तसे नाही. त्यांची अंडी शौचावाटे बाहेर पडून मातीत वाढतात. त्यामुळे पोटातला जवळपास प्रत्येक जंत बाहेरून स्वतंत्रपणे आलेला असतो. गोल जंताची अंडी दूषित हात, भाज्या आणि पाण्यावाटे पोटात जातात. अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची, अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरते.

म्हणूनच ‘लागण आहे की नाही’ एवढे मोजून भागत नाही. ‘किती जंत आहेत’ हे मोजावे लागते. जंत सर्वांमध्ये सारखे वाटलेलेही नसतात. ढोबळमानाने २० टक्के लोकांच्या पोटात ८० टक्के जंत असतात. सर्वाधिक त्रास याच लोकांना होतो आणि मातीत सर्वाधिक अंडीही त्यांच्याकडूनच जातात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉय अँडरसन आणि भौतिकशास्त्रातून जीवशास्त्राकडे वळलेले रॉबर्ट मे यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत हे सारे समीकरणांत मांडले. औषधाने जंत आटोक्यात आणण्याचे त्यांचे गणित १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

किती जणांना गोळी दिली तर जंत संपतील?

या गणितातील सोप्या सूत्राला तीन मुख्य आकडे लागतात. पहिला, करोनाकाळात सर्वांच्या कानावर पडलेला ‘आर नॉट’. जंतांच्या बाबतीत त्याचा अर्थ असा : अनुकूल स्थितीत एका मादीपासून तिच्या आयुष्यात पुढच्या पिढीच्या किती माद्या वाढून अंडी घालू लागतात. दुसरा आकडा जंताच्या आयुष्याचा आणि तिसरा गोळीच्या परिणामाचा.

समजा, आर नॉट ३ आहे, जंत १ वर्ष जगतो आणि गोळीने ९५ टक्के जंत मरतात. वर्षातून एकदाच गोळी द्यायची असेल, तर सूत्रानुसार सुमारे ९१ टक्के लोकांनी ती घ्यायला हवी. दर सहा महिन्यांनी दिली, तर प्रत्येक फेरीत सुमारे ६७ टक्के पुरतात. जंतांची संख्या चक्रवाढ व्याजासारखी वाढते. दोन फेऱ्यांमधला काळ कमी केला की व्याज चढायला वेळ मिळत नाही.

इथे एक मोठी अट आहे. हे ९१ किंवा ६७ टक्के शाळेच्या पटाचे नाहीत, संपूर्ण गावाचे आहेत.

मग फक्त मुलांना गोळी दिली तर?

ते जंताच्या प्रकारावर अवलंबून असते. गोल जंत आणि चाबूककृमी मुलांमध्ये अधिक आढळतात. त्यामुळे शाळेतली गोळी बरोबर ठिकाणी पोहोचते. (चाबूककृमीवर अल्बेंडाझोलची एकच मात्रा फारशी चालत नाही, ही वेगळी अडचण.) अंकुशकृमीचे मात्र उलटे आहे. त्यांची संख्या वयाबरोबर वाढते आणि मोठ्यांमध्येही टिकून राहते.

एक काल्पनिक गाव घेऊ. तिथल्या १०० अंकुशकृमींपैकी ४० मुलांच्या आणि ६० मोठ्यांच्या पोटात आहेत. ८० टक्के मुलांनी गोळी घेतली आणि तिने ८० टक्के जंत मारले, तर गावातले सुमारे २६ जंत कमी होतात, ७४ उरतात. हीच गोळी तेवढ्याच प्रमाणात सर्व वयोगटांना दिली, तर ३६ उरतात. पहिल्या गावात शाळेची कामगिरी उत्तम असूनही शेतातली माती दूषितच राहते.

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे आधीच रक्तक्षय असलेल्या महिलांना याचा मोठा फटका बसतो आणि त्या शाळेच्या मोहिमेत येत नाहीत.

प्रत्यक्ष गावांमध्ये हे पडताळले आहे का?

केनियाच्या क्वाले काउंटीत १२० वस्तीसमूहांमध्ये ‘तुमिकिया’ ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत अंकुशकृमीच्या लागणीचे प्रमाण असे बदलले :

– वर्षातून एकदा, फक्त शाळेत गोळी : १८.६ वरून १३.८ टक्के
– वर्षातून एकदा, संपूर्ण वस्तीला : १७.९ वरून ८ टक्के
– वर्षातून दोनदा, संपूर्ण वस्तीला : २०.६ वरून ६.२ टक्के

गणिताने दाखवलेली दिशा जमिनीवरही दिसली. अशाच प्रश्नासाठी ‘डीवर्म३’ ही चाचणी बेनिन, मलावी आणि भारतात तमिळनाडूमध्ये घेण्यात आली.

गोळी चुकवणाऱ्यांचे काय?

‘८० टक्के मुलांना गोळी दिली’ या एका आकड्यामागे दोन वेगळी चित्रे असू शकतात. दर वेळी वेगवेगळी २० टक्के मुले चुकत असतील, तर दोन फेऱ्यांनंतर एकही गोळी न मिळालेली मुले फक्त ४ टक्के उरतात. मात्र दर वेळी तीच मुले चुकत असतील, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी २० टक्के तशीच राहतात. तेवढी मुले मातीत अंडी पोहोचवत राहण्यास पुरेशी आहेत.

महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. १० फेब्रुवारीला ऊसतोडणीचा हंगाम सुरू असतो. आईवडिलांबरोबर फडावर गेलेले मूल त्या दिवशी गावच्या शाळेत नसते. शाळाबाह्य मुलांना अंगणवाडीत गोळी देण्याची सोय आहे. पण सूत्रात सोय मोजली जात नाही, खाल्लेली गोळी मोजली जाते.

मोहीम मध्येच थांबवली तर?

जंतांमध्ये नर आणि मादी वेगळे असतात. एखाद्याच्या पोटात एकटी मादी उरली, तर तिची अंडी फलित होत नाहीत. त्यामुळे जंतांची सरासरी एका मर्यादेखाली गेली की प्रसार आपोआप थांबतो. मात्र जंत थोड्याच लोकांमध्ये एकवटलेले असल्याने त्यांना जोडीदार सहज मिळतो आणि ही मर्यादा खूप खाली जाते. तिथे पोहोचण्याआधी गोळ्या थांबवल्या, तर जंत पूर्वपदावर येतात.

म्हणजे शाळेतली गोळी निरुपयोगी आहे का?

नाही. जंतांचे ओझे कमी झाल्याचा फायदा त्या मुलाला मिळतोच. मध्यम आणि तीव्र लागण २ टक्क्यांच्या खाली आणण्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० चे लक्ष्य आहे. त्यासाठी शाळा हाच सर्वांत स्वस्त आणि तयार मार्ग आहे. पण लागण कमी करणे आणि प्रसार कायमचा थांबवणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत.

दुसऱ्या उद्दिष्टासाठी सूत्रातच आणखी एक वाट आहे. शौचालयांचा वापर, पायात चप्पल आणि साबणाने हात धुणे यांमुळे आर नॉट खाली येतो. वरच्या उदाहरणात तो ३ वरून २ वर आला, तर वर्षातून एकाच फेरीत ९१ ऐवजी सुमारे ६७ टक्के लोकांनी गोळी घेतली तरी पुरते. म्हणजे वापरात असलेली शौचालये या हिशेबात गोळ्यांच्या एका जादा फेरीचे काम करतात. फरक एवढाच, की गोळीची फेरी दरवर्षी करावी लागते.